कॅम्पसवर डबे तीन, ट्रॅक्टर एकच: विद्यापीठातला कचरा कमी कसा करायचा?

मलप्रभेकाठची | ९ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी मूळची खानापूर तालुक्यातली. सध्या बेळगावात एका विद्यापीठात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. कॅम्पसचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे हिरवा, निळा आणि लाल असे तीन-तीन डबे जागोजागी बसवले. उद्घाटन झालं, फोटो निघाले. मी आणि माझ्या खोलीतल्या दोघी तेव्हापासून नेमाने केळीची साल हिरव्यात, कागद निळ्यात टाकत होतो. मग एका सकाळी साडेसहाला अभ्यासिकेत जाताना पाहिलं की सफाईच्या मावशी तिन्ही डबे एकाच ट्रॉलीत उलटे करत होत्या. मला फार वाईट वाटलं. जवळ जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "बाय, डबं तीन ठेवलासा, पण टॅक्टर एकच हाय की. मी निराळं करून घालू कुठं?"

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हा धागा.

गेल्या रविवारी आम्ही पाच जणींनी परवानगी काढून वसतिगृहाचा एका दिवसाचा कचरा मागच्या अंगणात ताडपत्रीवर ओतला. हातमोजे घातले, तोंडाला ओढण्या बांधल्या आणि दुपारी बारापर्यंत पाच ढीग केले. निम्म्याहून मोठा ढीग खरकट्याचा होता: भात, सांबार, अर्ध्या खाल्लेल्या चपात्या, भाजीची देठं. मग एकात एक खोचलेले चहाचे कागदी कप, तळाशी चहा तसाच. कुरकुरे-वेफर्सच्या आणि शाम्पूच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, आणि कागद. कागद पाहून सगळ्यांत जास्त चुटपुट लागली. एका बाजूला लिहिलेल्या असाइनमेंटचा गठ्ठाच्या गठ्ठा होता, मागची बाजू कोरी आणि वर पिवळी डाळ. दोन तासांपूर्वीपर्यंत तो चांगला कागद होता. डाळीनं त्याचा कचरा केला.

मला दोन-तीन गोष्टी कळायला हव्यात. ओलं कॅम्पसवरच जिरवता येईल का? सुकं कोण नेतं, आणि नेमकं काय नेतं? आणि या मावशींना, मामांना जादा काम न लावता हे कसं करायचं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहा. मला जूनच्या आत काहीतरी सुरू करायचं आहे.

निवृत्त_मास्तर | ९ फेब्रुवारी, रात्री १०.२५

मुली, ताडपत्री टाकून स्वतः कचरा उपसलास, निम्मं काम तिथंच झालं. आता मोहिमा आणि घोषवाक्यांच्या मागे लागू नकोस, अर्ज लिही.

८ एप्रिल २०१६ ला केंद्राने घनकचरा व्यवस्थापनाचे नियम काढले; १ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी नवे नियम. २०१६ च्या नियमांत स्पष्ट म्हटलं होतं की ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांनी कचरा जागेवरच वेगळा करायचा, ओला कचरा शक्यतो आवारातच खत किंवा गॅस करून जिरवायचा आणि सुका अधिकृत वेचकांना किंवा पुनर्वापर करणाऱ्यांना द्यायचा. रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा निघत असेल तर ती संस्था मोठ्या कचरा निर्मात्यांत मोडते. दोन वसतिगृहं, उपाहारगृह आणि कार्यालयं धरली तर तुमचं आवार यात सहज बसेल. उघड्यावर कचरा जाळायलाही त्यात मनाई आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीची पानं पेटवतात ना, तेही त्यातच आलं.

अर्जात उपकार मागू नकोस. नियमाचा दाखला दे आणि तीनच गोष्टी माग: ओल्यासाठी वेगळी ढकलगाडी, खतासाठी आवारात एक कोपरा आणि सुक्यासाठी कुलूप लागेल अशी कोरडी खोली. आपल्या शहराचा कचरा शेवटी तुरमुरीला जातो. तिथं राहणारी माणसंही आपलीच आहेत, हे विसरून चालणार नाही.

चिकोडी_ते_बेळगाव | ९ फेब्रुवारी, रात्री ११.०२

माझं थोडं कडक मत आहे. दंड लावल्याशिवाय काही होत नाही. चुकीच्या डब्यात टाकलं की पन्नास रुपये, आठवड्यात सरळ होतील.

मलप्रभेकाठची | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

दादा, पटत नाही. पोरींनी वेगळं टाकलेलंही एकाच ट्रॉलीत जातं हे त्या रोज डोळ्यांनी बघतात. मग दंड कुणाला लावायचा? आधी गाडी वेगळी होऊ दे, मग बोलू.

येळ्ळूर_शिवार | १० फेब्रुवारी, दुपारी १.३०

मी शेतकरी. विद्यापीठाचं मला फारसं कळत नाही, पण कचरा शेवटी कुठं येतो ते मला विचारा.

पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की पाणी आमच्या शिवारात पसरतं. पिकाचं नुकसान होतं ते होतंच. पण पाणी ओसरल्यावर भाताच्या बुडख्यांना पिशव्या गुंडाळलेल्या असतात, पुड्या चिखलात रुतलेल्या असतात. भांगलायला बायका बसल्या की आधी प्लास्टिक उपटायचं, मग तण. बेळगावच्या बासमतीचं नाव लोक काढतात, त्या भाताच्या मुळाशी हे असतं.

खताचं बोलायचं तर मला खत हवंच आहे. शेणखत आता मिळत नाही, जनावरं कमी झाली. पण एकदा शहराकडचं कचऱ्याचं खत घेतलं आणि त्यात काचा निघाल्या, ब्लेड निघालं. माझ्या आईचा अंगठा चिरला. तेव्हापासून मी हात लावत नाही. तुम्ही प्लास्टिक आणि काच नसलेलं खत करून दाखवा. धूळवाफ पेरणीच्या आधी, म्हणजे मेअखेर, मी स्वतः पोती घेऊन येतो. फुकट नको, पैसे देईन.

निपाणीकर | १० फेब्रुवारी, रात्री ८.५०

वरच्या काकांचं बोलणं वाचून लिहायला बसलो. मी एका कॉलेजच्या आवारात सहा वर्षं खत केलंय, चुकलोही भरपूर.

बहुतेक ठिकाणी पहिली चूक होते ती नुसता भात-सांबार खड्ड्यात ओतण्याची. शिजलेल्या भाताचा गोळा होतो, आत हवा जात नाही, तिसऱ्या दिवशी वास सुटतो, माश्या येतात आणि दहाव्या दिवशी कुणीतरी मोठा साहेब येऊन "बंद करा हे" म्हणतो. खत करणाऱ्या जिवाणूंना ओल्याबरोबर सुकं लागतं. शास्त्रात त्याला कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण म्हणतात. साधारण २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असलं की काम नीट चालतं. आपल्यासाठी हिशोब सोपा आहे: एक बादली खरकटं, त्यावर दोन ते तीन बादल्या वाळलेला पाला. सांबाराचं पाणी आधी चाळणीत निथळून घ्यायचं. मूठभर मिश्रण हातात दाबलं तर हाताला ओल लागावी, थेंब गळता कामा नये.

आपल्याकडे पुसदचे नाडेपकाका म्हणजे नारायण पांढरीपांडे यांची विटांची टाकी लोकांना माहीत आहे: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना भोकं. पद्धत उत्तम आहे. पण ती टाकी एक-दोन दिवसांत एकदम भरून लिंपायची असते. मेसचं खरकटं रोज थोडं थोडं येतं. म्हणून टाकी बागेतल्या पाल्याला आणि गवताला ठेवा. मेससाठी कुंपणाच्या जाळीचे तीन गोल पिंजरे करा, प्रत्येक साधारण एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच. त्याहून लहान ढीग तापत नाही. नीट जमला तर आतली उष्णता ५५ ते ६५ अंशांवर जाते, हात घालवत नाही. तणाचं बी आणि रोगजंतू त्यातच मरतात. आठ-दहा दिवसांनी उलटापालट करायची. एक पिंजरा भरला की दुसरा सुरू. भरल्यापासून अडीच-तीन महिन्यांत खत तयार. सुरुवातीला शेणकाला किंवा जुनं खत मुठी-दोन मुठी टाकलं की लवकर पेट घेतं.

गांडुळं पहिल्या दिवसापासून सोडू नका. ताप आणि तिखट-तेलकट त्यांना सोसत नाही. ढीग थंड झाल्यावर सोडा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आत्ता पानगळ सुरू आहे, एक पानही जाळू देऊ नका. सगळा पाला पोत्यांत भरून कोरड्या जागी रचून ठेवा. आपल्या भागात जून ते सप्टेंबर पाऊस उसंत देत नाही. तेव्हा ओलं रोज येतं आणि सुकं कुठंच मिळत नाही. माझे पहिले दोन पावसाळे याच एका गोष्टीने वाया गेले. पाला कमी पडला तर उसाचं पाचट मागून आणा. आपल्या जिल्ह्यात त्याला तोटा नाही, शेतकरी नाहीतरी पेटवतात.

भंगारगल्ली | ११ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

आमच्या घरचा तीन पिढ्यांचा भंगाराचा धंदा. ताईंनी विचारलंय, कोण काय नेतं, म्हणून सांगतो.

पाण्याची बाटली म्हणजे पेट नावाचं प्लास्टिक. तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो. हिला कायम गिऱ्हाईक असतं, पुढे हिचा पॉलिएस्टर धागा होतो. टोपण वेगळ्या प्लास्टिकचं असतं, ते निराळं काढलंत तर भाव बरा मिळतो. शाम्पू-फिनेलच्या जाड बाटल्या २ नंबरच्या, त्याही जातात. दुधाची पिशवी धुऊन वाळवली तर जाते, न धुता नाही. पुठ्ठा, पांढरी रद्दी, वर्तमानपत्र, लोखंड, ॲल्युमिनियम सगळं जातं. पांढरा लिहिलेला कागद आणि रंगीत कागद वेगळे बांधा.

काय जात नाही ते नीट ऐका. वेफर्सची पुडी, बिस्किटाचा चकचकीत कागद, गुटख्याची पुडी यांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे होत नाहीत, म्हणून आमच्याकडे त्यांना किंमत शून्य. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतात, तेही कुणी गोळा करून पोचवले तर. चहाचा कागदी कपही तसाच. लोकांना वाटतं कागद आहे म्हणून चांगला, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. रद्दीत एक कप निघाला तर गिरणीवाला कटकट करतो.

म्हणून माझं सरळ म्हणणं: जे आमच्याकडे विकलं जात नाही ते कॅम्पसवर येऊच देऊ नका. बाकीच्याची काळजी आम्ही करतो. खोलीभर माल कोरडा साठवा, महिन्यातून दोनदा गाडी पाठवतो. आणि पैसे विद्यापीठाच्या खात्यात नकोत, वेगळं करणाऱ्या मावशींना मिळावेत. तसं केलंत तर कुणालाही सांगावं लागणार नाही.

कुंभारवाड्यातून | ११ फेब्रुवारी, दुपारी ४.००

कागदी कपांचा विषय निघालाच आहे. लगेच कुणीतरी म्हणेल, मातीचे कप आणा. खानापूरची माती प्रसिद्ध आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही खानापुरातच आहे. मी स्वतः कुंभाराघरचा आहे आणि तरी सांगतो, रोजच्या चहाला मातीचा कप नको. माती एकदा भाजली की ती पुन्हा शेताची माती होत नाही, तिची खापरी होते. एका चहासाठी लाकूड जाळून कप भाजायचा आणि फेकायचा, हे आमच्या हातांनाही बरं वाटत नाही. उपाहारगृहात स्टीलचे पेले ठेवा, विसळायला एक माणूस वाढवा.

माती वापरायचीच तर माठ वापरा. प्रत्येक विभागात खाली तिवई, वर नळाचा माठ आणि दोन पेले असले की बेळगावच्या उन्हाळ्यात बाटली विकत घ्यायची गरज पडत नाही. तो माठ दहा जणांना वर्षभर पुरतो.

मलप्रभेकाठची | ११ फेब्रुवारी, रात्री १०.०५

काका, माझ्या मनात अगदी मातीचे कपच होते! अर्जात तसं लिहिलंही होतं, ते आत्ता खोडलं. माठ लिहिला.

वसतिगृह_खोली१४ | १२ फेब्रुवारी, रात्री ९.१५

एका गोष्टीवर अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मुलींच्या वसतिगृहात सॅनिटरी पॅड कुठं टाकायचे? मी राहत होते तिथं न्हाणीघरातल्या उघड्या डब्यात ते तसेच पडायचे आणि मावशी हाताने उचलायच्या. २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं की पॅड व्यवस्थित गुंडाळून द्यायचा आणि कंपन्यांनी त्यासाठी पिशवी किंवा वेष्टन पुरवायचं. आम्ही शेवटी वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे आणि लाल शाईची बाटली न्हाणीघरात ठेवली. गुंडाळा, वर लाल ठिपका द्या, झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाका. ठिपका दिसला की मावशी ते पुडकं उघडत नाहीत. तुमच्या पाच ढिगांत हा सहावा धरा आणि त्याबद्दल लाजू नका. पहिल्याच मीटिंगला मोठ्याने सांगा.

चिकोडी_ते_बेळगाव | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

दंडाचं मी मागे घेतो. भंगारगल्लीवाल्यांचं पटलं.

पाट्यांबद्दल सांगतो. आपल्याकडे वर्गात निम्मी मुलं मराठी घरची, निम्मी कन्नड, गोकाक-अथणीकडची दोन्ही बोलणारी. "ओला कचरा"च्या खाली "हसी कस" आणि "सुका"च्या खाली "ओण कस" लिहा, कुणाचंच अडणार नाही. त्याहून चांगलं म्हणजे शब्दांवर सोडूच नका. आमच्या गावच्या वाचनालयात फळीवर खऱ्या वस्तूच तारेने बांधल्यात: निळ्या डब्यावर बाटली, पेन, पुठ्ठ्याचा तुकडा. अडाणी माणूसही चुकत नाही.

निवृत्त_मास्तर | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

खऱ्या वस्तूंची पाटी उत्तम. अजून एक: पाठकोरे कागद. आमच्या काळी परीक्षेनंतर पाठकोरे कागद जमवून, मधोमध दाभणाने शिवून कच्च्या कामाच्या वह्या करायचो. दर विभागात छपाईयंत्राशेजारी एक खोका ठेवा, "पाठकोरे इथे टाका" लिहून. डाळ लागायच्या आत कागद त्यात गेला पाहिजे.

आणि स्नेहसंमेलनाचे फ्लेक्स. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, जाळला की विषारी धूर. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहेच. शहापूर-वडगावात अजून माग आहेत. कापडावर रंगवून घ्या, पुढच्या वर्षी तारीख बदलून तेच लावा.

मलप्रभेकाठची | २९ मार्च, रात्री ९.००

धागा वर आणतेय, कारण सांगायला काहीतरी आहे.

अर्ज दिला. पहिल्या वेळी "बघू" झालं. दुसऱ्या वेळी मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे नियमाची प्रत जोडली आणि ताडपत्रीवरच्या ढिगांचे फोटो लावले, तेव्हा बोलावणं आलं. ढकलगाडी मिळाली, जुनी आहे पण चाकं चालतात. सायकल स्टँडमागचा कोपरा मिळाला. कोरडी खोली अजून नाही, तात्पुरती जिन्याखालची जागा दिली आहे.

आमच्याच वसतिगृहापासून सुरुवात केली. मेसमध्ये आचारीमामांशी बोललो. ते म्हणाले, पोरी भात वाढून घेतात आणि टाकतात. मग ताट धुवायच्या जागी एक फळा लावला, "आजचं उष्टं", आणि रोज वजन करून आकडा लिहायला लागलो. दुसरं काहीही सांगितलं नाही. आणि मामांनी भाताचा मोठा डाव काढून लहान पळी ठेवली, पाहिजे तेवढ्या वेळा मागा म्हणून. पहिल्या आठवड्यात रात्री दोन बादल्या भरायच्या, आता एक भरते, काही रात्री तीही पूर्ण नाही. खत करण्याआधी खरकटंच कमी पडेल की काय अशी वेळ आली, आणि मला याचा सगळ्यांत जास्त आनंद आहे.

पहिला पिंजरा १२ मार्चला भरला. पाचव्या दिवशी सकाळी वर धरलेल्या हाताला वाफ लागली. आम्ही सगळ्याजणी एकेक करून हात धरून बघत होतो, मावशीही आल्या. पाल्याची ५३ पोती रचून ठेवली आहेत. झाडणाऱ्या मामांनी काडी ओढणं बंद केलं, कारण पाला आता मागून नेणारं कुणीतरी आहे.

चूकही सांगते. वेफर्सच्या पुड्या थांबवता आल्या नाहीत. उपाहारगृहाने नकार दिला, विक्री पडेल म्हणाले. स्टीलचे पेले मात्र ठेवले.

निपाणीकर | ३० मार्च, सकाळी ७.४५

वळीव यायच्या आत वर पत्रा टाका. उशीर करू नका.

मलप्रभेकाठची | २२ एप्रिल, रात्री ८.२०

उशीर झाला. परवाच्या वळवाने दोन पिंजरे भिजले आणि काल सायकल स्टँडपर्यंत वास गेला. दोन तक्रारी आल्या, "बंद करा"ही ऐकून झालं. रात्री आठ जणींनी टॉर्च लावून दोन्ही ढीग उपसले, सहा पोती पाला मिसळून पुन्हा भरले. आज संध्याकाळी वास नाही. पत्राही आला, बांधकामातला जुना. काका, तुमचा सल्ला दोन दिवस आधी ऐकायला हवा होता.

भंगारगल्ली | २६ एप्रिल, दुपारी १२.३०

आज गाडी गेली होती. माल कोरडा आणि निवडलेला होता. पैसे तीन मावशींच्या हातात दिले, सही घेतली. त्यांतल्या एकीने टोपणं बाटल्यांपासून निराळी करून वेगळ्या पोत्यात बांधली होती, कुणी सांगितलं नव्हतं.

मलप्रभेकाठची | २५ मे, रात्री ९.५०

पहिला पिंजरा चाळला. काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास. दगडी पार धुऊन त्यावर वाळत घातलंय. येळ्ळूरच्या काकांना निरोप धाडलाय. माझी परीक्षा संपत आली, जूनमध्ये मी गावी. ढकलगाडीची आणि फळ्याची जबाबदारी पहिल्या वर्षाच्या चौघींनी घेतली आहे. कोरड्या खोलीचा अर्ज त्यांच्याकडे दिलाय.

येळ्ळूर_शिवार | २८ मे, रात्री ७.३०

काल जाऊन चार पोती आणली. आज सकाळी शेतात एक पोतं ताडपत्रीवर ओतलं आणि आईसमोर हाताने चाळलं. काच नाही, ब्लेड नाही. पेनचं एक टोपण आणि शाम्पूच्या पुडीचा नखाएवढा कोपरा निघाला, तो खिशात ठेवलाय. मुलींनो, चाळण थोडी बारीक घ्या. आईने खत मुठीत घेऊन वास घेतला आणि नाल्याकडच्या दोन वाफ्यांत आधी टाकायला सांगितलं. पेरणी सोमवारी धरली आहे. दुसरा पिंजरा कधी उघडणार ते कळवा.